बोरघाटाची चढण आणि इंजिनाचा ताप

मुंबईहून पुण्यास येणारा जुना रस्ता खोपोली मागे टाकून जेथे सह्याद्रीच्या अंगावर चढू लागतो, तेथपासून खंडाळ्याच्या माथ्यापर्यंतच्या सुमारे पाचशे मीटर उंचीच्या चढणीवर, द्रुतगती महामार्ग २००२ साली पुरा होण्याआधीच्या काळात आणि विशेषेकरून वैशाखाच्या दिवसांत, ज्यांनी वळणावळणावर बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या मोटारी, रेडिएटरच्या तोंडातून उसळणारी वाफ आणि पाण्याचा डबा हाती घेऊन ती वाफ शमण्याची प्रतीक्षा करणारे प्रवासी पाहिले असतील, त्यांना इंजिन तापणे म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. १८३० साली हा घाटरस्ता चाकांच्या गाड्यांसाठी खुला झाला तेव्हा तो बैलांच्या आणि घोड्यांच्या दमाला बेतलेला होता. पुढे त्याच वळणांवरून मोटार जाऊ लागली, आणि शिंग्रोबाच्या देवळापाशी नमस्कारासाठी थांबणाऱ्या गाडीला तेवढ्यापुरती उसंतही मिळू लागली. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची जी चाचणी झाली, तीत रोल्स-रॉइसची 'पर्ल ऑफ द ईस्ट' ही गाडी यशस्वी ठरली आणि कालांतराने ग्वाल्हेरच्या महाराजांच्या पदरी गेली. त्या यशाचे महत्त्व वेगापेक्षा घाट न थांबता चढण्यात होते, ही गोष्ट आज घाटातून वातानुकूलित गाडीत बसून जाणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

ज्या गाडीच्या निमित्ताने हा लेख लिहीत आहे, ती मात्र राजेरजवाड्यांची नाही. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद ह्यांच्या पुढाकाराने १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने तयार झालेली, १९६४ साली 'डिलाइट' ह्या नावाने आलेली आणि दहा वर्षांनी 'पद्मिनी' हे नामाभिधान पावलेली अशी ही मोटार. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढे जाळीआड तांब्यापितळेचा रेडिएटर. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती २०२३ सालच्या ऑक्टोबरअखेरपर्यंत चालत राहिली, आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेच्या नियमाने तिचा तो अंमल संपला. खाजगी मालकांनी मोठ्या निगुतीने जतन केलेल्या अशा गाड्या महाराष्ट्रात अजून पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या मालकांची सर्वांत जुनी तक्रार आजही एकच आहे : गाडी गरम होते.

ह्या तक्रारीचा परामर्श घेताना बहुतेक ठिकाणी जी रीत दिसते, तिच्याविषयी मला मनापासून खेद वाटतो. गाडी तापली की प्रथम रेडिएटरचे झाकण बदलावयाचे, नंतर फॅन बेल्ट, नंतर वॉटर पंप, मग थर्मोस्टॅट काढून फेकावयाचा, आणि एवढे करूनही ताप उतरला नाही तर जुन्या गाड्यांची हीच खोड असे म्हणून मालकाची बोळवण करावयाची. इंजिनाचा ताप हे लक्षण आहे आणि त्याच्या मुळाशी निदान दहा निरनिराळी कारणे असू शकतात, हे ज्ञात असूनही कारणाचा शोध घेण्यापूर्वी सुटे भाग बदलले जातात. वास्तविक साठ वर्षांपूर्वीची ही यंत्ररचना इतकी उघडी आणि सुबोध आहे की डोळे, हात आणि थोडा विचार एवढ्या सामग्रीवर तिचे निदान बहुधा पूर्ण करता येते.

त्यासाठी उष्णतेचा जमाखर्च आधी समजून घेतला पाहिजे. पेट्रोल जाळून जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यातील ढोबळमानाने चौथा हिस्सा चाकांकडे जाणाऱ्या कामाच्या खात्यावर पडतो, सुमारे तिसरा हिस्सा धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जातो आणि जवळजवळ तेवढाच हिस्सा सिलिंडरभोवतालच्या पाण्याला घ्यावा लागतो. म्हणजे इंजिन चाकांना जेवढी शक्ती देते, निदान तेवढीच उष्णता रेडिएटरने अखंड हवेत टाकीत राहिले पाहिजे. सपाट रस्त्यावर ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने जाताना जमा बेताची असते आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यामुळे खर्च सढळ असतो. घाटात नेमके उलट घडते : ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, वेग पंचवीसच्या आसपास, आणि चार माणसे व त्यांचे सामान वर ओढून न्यावयाचे, उष्णतेची जमा सर्वाधिक आणि वारा सर्वांत कमी. त्यात ऋतूचा हात असतो. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो हे आतील पाणी आणि बाहेरची हवा ह्यांच्या तापमानातील अंतरावर अवलंबून असते. पाणी ९० अंशांवर असताना पौषातल्या २० अंशांच्या सकाळी हे अंतर ७० असते, आणि वैशाखातल्या ४० अंशांच्या दुपारी ते ५० उरते. तीच जाळी आणि तोच पंखा, पण सामर्थ्य पाऊण हिश्श्याहूनही कमी. त्यातच उंचीबरोबर पाण्याचा उत्कलनबिंदू दर तीनशे मीटरांस सुमारे एक अंशाने खाली येतो, म्हणजे लोणावळ्यात उघडे पाणी ९८ अंशांवर उकळते. रेडिएटरचे दाबाचे झाकण ह्याच्यावरच तोडगा म्हणून आले. चौरस इंचास सात पौंडांचा दाब धरणारे झाकण उत्कलनबिंदू दहा-अकरा अंशांनी वर नेते, आणि म्हणून त्याचे रबर फाटले असेल तर वरकरणी क्षुल्लक वाटणारा हा दोष घाटात मोठा ठरतो.

माझे एक स्नेही, जे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि ज्यांच्याजवळ १९६७ सालची फियाट आहे, त्यांची गाडी पुण्यात दिवसभर फिरवली तरी निर्धास्त चालत असे आणि घाट लागला की अर्ध्या चढणीत पाणी फेकू लागत असे. वर वर्णिलेले सर्व उपचार तिच्यावर होऊन गेले होते. अखेर ते तिला पुण्याच्या पूर्व भागातील एका वृद्ध मिस्त्रींकडे घेऊन गेले, आणि त्या तपासणीच्या वेळी मीही हजर होतो. मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधी विचारले, “मास्तर, गाडी तापते कधी ते आधी सांगा. किती तापते ते मागाहून बघू.”

ह्या एका प्रश्नात निदानाचे अर्धे शास्त्र सामावलेले आहे. गाडी सिग्नलला उभी असताना, गर्दीत रांगताना तापत असेल आणि मोकळ्या रस्त्याला लागताच काटा खाली येत असेल, तर दोष हवेच्या बाजूला आहे : पंख्याचा पट्टा सैल आहे, पाती वाकली आहेत, पंखा उलटा बसवला गेला आहे, किंवा रेडिएटरच्या जाळीत धूळ, पिसे आणि किडे अडकून बसले आहेत. ह्याच्या उलट, गर्दीत गाडी शांत राहते आणि चढावर किंवा दीर्घकाळच्या वेगात तापते असे असेल, तर दोष पाण्याच्या बाजूला किंवा ज्वलनाच्या बाजूला शोधावा लागतो : रेडिएटरच्या नळ्या तुंबल्या आहेत, खालचा होज पाइप आतून मऊ पडून पंपाच्या ओढीने चिंबतो आहे, टायमिंग मागे आहे, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे, एखादा ब्रेक चाकाला धरून बसला आहे. आणि गाडी सुरू केल्यापासून थोड्याच अवधीत, भर नसतानाही तापत असेल, तर मात्र थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकल्याचा किंवा हेड गॅसकेट फुटल्याचा संशय प्रथम घ्यावा.

मास्तरांचे उत्तर ऐकून मिस्त्रींनी पंख्याकडे पाहण्याचे तूर्त सोडून दिले. इंजिन गरम होऊ दिले, मग ते बंद करून पंखा पूर्ण थांबल्यावर रेडिएटरच्या जाळीवरून तळहात वरून खाली, डावीकडून उजवीकडे, सावकाश फिरवला. निरोगी रेडिएटर वरच्या बाजूला अधिक गरम आणि खाली क्रमाक्रमाने कमी गरम लागतो. ह्याच्या खालच्या एका कोपऱ्यात मात्र जवळजवळ थंड असा एक पट्टा त्यांच्या हाताला लागला, आणि त्यांनी माझा हात धरून मलाही तो दाखवला. तेथून पाणी वाहतच नव्हते. शेजारून येणाऱ्या नळ्यांवर सगळा भार पडत होता. शहरात तेवढ्यावर भागत होते, घाटात भागत नव्हते. त्यानंतर त्यांनी गाडी थंड होऊ दिली आणि इंजिनाच्या ब्लॉकला खालच्या बाजूस जो पाणी सोडण्याचा कॉक असतो तो पूर्ण उघडला. थेंबही आला नाही. तार घालून ढवळल्यावर प्रथम तांबडा, गाळासारखा चिखल आणि मग पाणी बाहेर आले. सिलिंडरांच्या मागील भागात गंजाचा हा थर किती वर्षे साचत आला होता कोण जाणे; जे रेडिएटर धुतात ते हा कॉक क्वचितच उघडतात, आणि म्हणून वरून स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याखाली ब्लॉकच्या तळाशी हा साठा निर्वेध वाढत राहतो.

हा गाळ येतो कोठून, ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या भूमीशी आणि आपल्या सवयीशी निगडित आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेले विहिरीचे आणि कूपनलिकेचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. त्यात विरघळलेले चुन्याचे क्षार पाणी तापले की घट्ट होऊन नळ्यांच्या आतल्या अंगाला कवचासारखे चिकटतात, आणि हे कवच उष्णतेस धातूच्या मानाने फारच मंद वाट देते. दुसरे असे, की ज्या देशांत हिवाळ्यात पाणी गोठते तेथे मोटारीत ग्लायकॉलचे मिश्रण घालणे भाग पडते आणि त्या मिश्रणाबरोबर गंजप्रतिबंधक द्रव्ये आपोआप इंजिनात जातात. आपल्याकडे पाणी गोठण्याचे भय नाही, म्हणून नळाचे साधे पाणी ओतले जाते; परंतु ह्या इंजिनात ओतीव लोखंडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचे हेड आणि तांब्याचा रेडिएटर असे तीन धातू एकाच पाण्यात बुडालेले असतात, आणि अशा सहवासात विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने ॲल्युमिनियम झिजणे आणि उघड्या लोखंडाला गंज चढणे अटळ असते. निम्मे ग्लायकॉल घातल्यास उष्णता वाहून नेण्याची शक्ती पाण्यापेक्षा सुमारे सहाव्या हिश्श्याने घटते, म्हणून महाराष्ट्रातील गाडीला ऊर्ध्वपातित किंवा स्वच्छ साठवलेले पावसाचे पाणी आणि त्यात गंजप्रतिबंधकाची योग्य मात्रा, एवढे पुरते असे माझे मत आहे. मिस्त्रींचेही तेच मत निघाले.

रेडिएटर उतरवून तो दुरुस्त करणाऱ्याकडे गेला. तेथे वरची आणि खालची टाकी डाग उलगडून वेगळी केली गेली, आणि प्रत्येक नळीतून बारीक पट्टी घालून ती आरपार साफ करण्यात आली. ह्याला त्या व्यवसायात रॉडिंग म्हणतात. बदलून टाकण्याच्या आजच्या काळात हे काम करणारे हात कमी होत आहेत, कारण नव्या गाड्यांचे ॲल्युमिनियमच्या जाळीचे आणि प्लास्टिकच्या टाक्यांचे रेडिएटर असे उघडताच येत नाहीत, आणि तांब्याची जुनी जाळी दुरुस्तीपेक्षा भंगारात अधिक मोल आणते. ज्यांच्याजवळ मूळ रेडिएटर आहे त्यांनी तो कोणत्याही आमिषाने मोडीत देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्याच्या जागी येणारा पर्याय मापाने बसतो, परंतु त्याच्या नळ्यांची संख्या आणि जाडी पुष्कळदा कमी असते.

रेडिएटर बसवून गाडी कात्रजच्या चढणीवर नेली. काटा पूर्वीच्या मानाने पुष्कळ खाली राहिला, तथापि माथ्याजवळ तो अजून अपेक्षेपेक्षा वर चढत होता. बहुतेकांनी येथे काम पुरे झाले असे मानले असते. मिस्त्रींनी मानले नाही. त्यांनी टायमिंग लाइट लावला आणि मंद गतीवर खूण बरोबर जुळते हे पाहून इंजिनाची गती वाढवली. वास्तविक गती वाढताच ठिणगी अधिकाधिक आधी पडली पाहिजे आणि खूण सरकली पाहिजे, पण ती जागची हलली नाही. डिस्ट्रिब्यूटरच्या पोटात दोन लहान वजने असतात. गती वाढली की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगीची वेळ पुढे ओढतात. ह्या गाडीत ती वाळलेल्या ग्रीसमध्ये रुतून बसली होती. ठिणगी उशिरा पडली की मिश्रणाचे ज्वलन पिस्टन खाली जाऊ लागल्यावरही रेंगाळत राहते, त्या ज्वाळेचे काम होण्याऐवजी ती एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या वाटेने बाहेर पडते, आणि हेडमधील ती वाट पाण्याने वेढलेली असल्यामुळे सगळा दाह पाण्यात उतरतो. मालकाला शक्ती कमी मिळते, म्हणून तो ॲक्सिलरेटर अधिक दाबतो, आणि उष्णतेत आणखी भर पडते. इंजिन तापते म्हटल्यावर डिस्ट्रिब्यूटर उघडून पाहणारा कारागीर दुर्मीळ आहे; पाण्याची तक्रार असताना विजेकडे बघावयाचे हे सहसा कोणाला सुचत नाही.

थर्मोस्टॅटबद्दल येथे थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण तो आपल्या प्रांतात अकारण दोषी ठरला आहे. उष्ण देशात त्याची गरज काय, असे म्हणून तो काढून टाकण्याचा प्रघात इतका रूढ आहे की जुन्या गाडीत तो जागेवर सापडणे हेच नवल. त्याचे काम पाणी अडवणे एवढेच असते ही समजूत अपुरी आहे. इंजिन लवकर कामाच्या तापमानाला यावे, म्हणजे तेल पातळ होऊन सर्वत्र पोहोचावे आणि ज्वलनातून आलेली पाण्याची वाफ तेलात जिरून त्याचा चिखल होऊ नये, ह्यासाठी तो आहे; आणि काही इंजिनांच्या रचनेत तो उघडताना रेडिएटरला टाळून जाणारी आडवाटही बंद करतो, म्हणून तो काढला की उलट पाण्याचा एक भाग थंड न होताच इंजिनात परत फिरत राहतो. तो बिघडला आहे का हे पाहणे फार सोपे आहे. पातेल्यातील पाण्यात तो दोरीने लोंबता ठेवावा, सोबत तापमापक धरावा आणि पाणी तापवावे. त्याच्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास तो उघडू लागला आणि थंड होताच मिटला, तर तो शाबूत आहे. मास्तरांच्या गाडीत नवा थर्मोस्टॅट बसवून घेण्यात आला.

हेड गॅसकेटची परीक्षा मिस्त्रींनी मधल्या काळातच उरकली होती. थंड इंजिनावर झाकण काढून पाणी काठोकाठ भरावयाचे, इंजिन सुरू करावयाचे आणि पाण्याकडे पाहावयाचे. सुरुवातीचे अडकलेले हवेचे काही बुडबुडे निघून गेल्यावरही एकसारखी बारीक बुडबुड्यांची धार येत राहिली, तर सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरत आहे असे समजावे. तेलाच्या काडीवर दुधट फेस, एकाच प्लगचे तोंड धुतल्यासारखे स्वच्छ, सकाळी सुरू करताना पांढरा धूर, ह्या सगळ्या त्याच दोषाच्या साक्षी. ह्या गाडीत तसे काही नव्हते, आणि ते तिचे भाग्य म्हणावयाचे, कारण वारंवार तापलेल्या अशा इंजिनात हेड वाकण्याचे भय फार असते. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट वाढते. फूटसव्वाफूट लांबीच्या हेडमध्ये सत्तर अंशांच्या वाढीला दोन्ही धातूंच्या लांबीत तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो, आणि तेवढा ताण बोल्टांनी व गॅसकेटने निमूट सोसावयाचा असतो. म्हणूनच हेडचे बोल्ट मध्यापासून बाहेरच्या बाजूस, ठरलेल्या क्रमाने आणि टप्प्याटप्प्याने, मोजक्या जोराने आवळतात.

घाटात गाडी तापलीच तर काय करावे, ह्याविषयी जुन्या चालकांचे ज्ञान आजच्या मालकांजवळ उरलेले नाही म्हणून ते येथे नमूद करतो. काटा तांबड्याकडे झुकू लागताच गाडी बाजूला घ्यावी, परंतु पाणी बाहेर फेकले जात नसेल तर इंजिन लगेच बंद करू नये. ते बंद झाले की पंप आणि पंखा दोन्ही थांबतात, आणि लोखंडात साठलेली उष्णता थबकलेल्या पाण्यात उतरून ते तत्क्षणी उकळते. गाडी न्यूट्रलमध्ये, मंद गतीपेक्षा किंचित वरच्या गतीवर चालू ठेवावी. पाणी निघून गेलेलेच असेल तर मात्र इंजिन ताबडतोब बंद करावे. झाकणाला हात लावू नये. दाबाखाली शंभर अंशांच्या वर असलेले पाणी झाकण सैल होताच एकदम वाफ होऊन उसळते, आणि असे भाजलेले हात आणि चेहरे ह्या घाटाने पुष्कळ पाहिले आहेत. तापलेल्या ब्लॉकमध्ये गार पाणी ओतू नये. वाट पाहावी, आणि मग इंजिन चालू ठेवून थोडेथोडे पाणी घालावे. पुष्कळदा तापल्यामुळे गाडी बंद पडली असे वाटते ती वास्तविक गाडीच्या इंधनपंपातील पेट्रोलची वाफ झाल्यामुळे बंद पडलेली असते. पंपावर ओले फडके ठेवण्याची जुन्या टॅक्सीवाल्यांची युक्ती ह्याच दोषावरची आहे, आणि ती आजही लागू पडते.

दुरुस्तीनंतर मिस्त्रींनी मास्तरांना एक वही ठेवावयास सांगितली. प्रत्येक मोठ्या प्रवासाची तारीख, बाहेरची उष्णता, गाडीत माणसे किती, घाटाच्या माथ्यावर काटा कोठे होता आणि परतल्यावर थंड रेडिएटरमध्ये पाणी किती घालावे लागले, एवढे रकाने त्यांनी स्वतः पेन्सिलीने आखून दिले. त्यांचे म्हणणे असे की तुंबणे ही क्रिया इतक्या संथपणे होते की मालकाची नजर दर महिन्याला थोड्याशा चढत्या काट्याला सरावत जाते, आणि कागदावर मात्र तो चढ दिसतो. “शेवटचा रकाना विसरू नका, मास्तर,” असे ते म्हणाले, “बाहेर कुठं थेंब पडलेला नसताना पाणी घालावं लागायला लागलं, तर रेडिएटर उतरवू नका. आधी गॅसकेट बघायचं.”